‘करमत नाही’ला किती गुण? : मनोव्यथेच्या प्रश्नावल्या आणि त्यांची सप्रमाणता

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बोथमधल्या आमच्या घरी आशाताई तपासणीचा तक्ता घेऊन आल्या. तीस वर्षांवरील प्रत्येक माणसाच्या नावे हा तक्ता भरायचा असतो. बिडी-तंबाखू, कमरेचा घेर, घरातले जुने आजार असे प्रश्न झाले की शेवटी मनाविषयी दोन प्रश्न येतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का, आणि उदास किंवा निराश वाटले का, असा त्यांचा आशय. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण. त्या दिवशी हातातला कागद तेलुगूत होता, आशाताईंच्या घरची भाषा गोंडी, आणि ज्यांना विचारायचे त्या आमच्या मोठ्या आईची भाषा मराठी. आशाताईंनी ओट्यावर बसल्या बसल्या भाषांतर केले : “मावशी, दोन हप्त्यांत उदास वाटलं का?”

मोठी आई म्हणाली, “नाही बाई, उदास काहून वाटंल? पोरं चांगली आहेत. मले फक्त करमत नाही.”

कागदावर शून्य पडले. शेवटच्या वाक्याला तिथे जागा नव्हती. आशाताईंची यात काही चूक नव्हती. त्यांनी हातात दिलेले काम नीट केले. मीही तिथेच बसलो होतो. आयुष्यभर मराठी शिकवली, पण त्या वाक्याकडे माझेही लक्ष गेले नाही. पुढे दोन महिन्यांत मोठ्या आईने जेवण जवळजवळ सोडले. “आता बस झालं” असे ती रात्री पुटपुटते, हे नातीने ऐकले तेव्हा आम्ही तिला डॉक्टरांकडे नेले. ते डॉक्टर मराठी जाणणारे निघाले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “आजी, घरात करमतं का?” आणि ती रडू लागली. औषधोपचार झाले, बोलणे झाले, आणि सहा महिन्यांनी ती पुन्हा अंगणात तूर निवडायला बसू लागली.

तेव्हापासून एका प्रश्नाने मला धरून ठेवले आहे. माणसाचे दुःख मोजण्यासाठी केलेली प्रश्नावली खरोखर दुःखच मोजते की नाही, हे कसे ठरवतात? मी मानसशास्त्रज्ञ नाही. पण या विषयावर जे वाचत गेलो त्यावरून असे दिसले की या कामातला मोठा भाग भाषेचा आहे. म्हणून भाषेच्या वार्षिकात तो मांडावासा वाटला.

प्रश्नावल्या आल्या कुठून?

मानसिक आजाराचे निदान मुलाखतीने होते आणि मुलाखतीला वेळ व तज्ज्ञ लागतात. गावेच्या गावे तपासायची तर तेवढे तज्ज्ञ कुठून आणणार? त्यावर उपाय म्हणून लहान प्रश्नावल्या तयार झाल्या. डेव्हिड गोल्डबर्ग यांनी लंडनमध्ये केलेली ‘जनरल हेल्थ क्वेश्चनेअर’ १९७२ साली प्रसिद्ध झाली. तिचे बारा प्रश्नांचे रूप आज सर्वत्र वापरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेची वीस प्रश्नांची ‘एसआरक्यू’ ही ‘हो-नाही’ पद्धतीची प्रश्नावली १९८०च्या सुमारास कोलंबिया, सुदान, फिलिपीन्स आणि भारत या देशांतल्या प्राथमिक आरोग्यसेवेत वापरून पाहिली गेली. नऊ प्रश्नांची ‘पीएचक्यू-९’ २००१ साली अमेरिकेत आली. रोनाल्ड केसलर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या दहा आणि सहा प्रश्नांच्या ‘के-१०’ व ‘के-६’ या मापनश्रेणी २००२ साली प्रसिद्ध झाल्या. आशाताईंच्या तक्त्यातले दोन प्रश्न हे पीएचक्यूचेच पहिले दोन.

यांपैकी कोणतीही प्रश्नावली आजाराचे निदान करीत नाही, हे आधीच सांगायला हवे. ती चाळणीसारखी असते. कोणाशी सावकाश बोलायला हवे एवढेच ती सुचवते.

विश्वसनीयता आणि सप्रमाणता

मापनाच्या शास्त्रात हे दोन शब्द नेहमी जोडीने येतात आणि विद्यार्थी त्यांची नेहमी गल्लत करतात. आमच्या भागात कापूस पिकतो, म्हणून उदाहरण कापसाचेच घेतो. व्यापाऱ्याचा काटा दर वेळी दोन किलो कमी दाखवत असेल, तर तो काटा विश्वसनीय आहे. म्हणजे तेच गाठोडे दहा वेळा ठेवले तरी तोच आकडा दाखवतो. पण तो खरे वजन सांगत नाही, म्हणून सप्रमाण नाही. यापुढची एक पायरी आहे. काटा अगदी अचूक आहे, पण कापूस ओला आहे. आकडा बरोबर आला, तरी त्यात कापूस किती आणि पाणी किती? दुःख मोजणाऱ्या प्रश्नावलीची खरी अडचण ही दुसऱ्या प्रकारची असते. आलेल्या गुणांत मनोव्यथा किती आणि गरिबी, थकवा, वय, किंवा नुसता न समजलेला शब्द किती, हे वेगळे करावे लागते. ओलावा वेगळा काढण्याच्या या कामाला सप्रमाणता तपासणे म्हणतात.

पहिली कसोटी : भाषांतर

रूढ पद्धत अशी : एकाने इंग्रजीतून मराठीत भाषांतर करायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचे, आणि दोन्ही इंग्रजी पाठ ताडून पाहायचे. याला उलट-भाषांतर म्हणतात. पद्धत उपयोगी आहे, पण एका ठिकाणी ती फसवते. भाषांतर जितके शब्दशः, तितके ते परत जाताना मुळाशी जास्त जुळते. म्हणजे वाईट मराठी इथे चांगले गुण मिळवू शकते.

के-६ मधला एक प्रश्न पाहा. प्रत्येक गोष्ट करताना फार जोर लावावा लागतो असे वाटले का, असा त्याचा रोख आहे. मनाने खचलेल्या माणसाला अंघोळ करणेही जड जाते. तेच इथे पकडायचे आहे. मराठीत “प्रत्येक गोष्टीत प्रयत्न करावे लागले का?” असे लिहिले, तर ते परत इंग्रजीत हुबेहूब जाईल. पण मराठीत ‘प्रयत्न’ हा गुण आहे. शाळेच्या भिंतीवर आपण तो रंगवतो. “कष्ट पडले का?” असे म्हटले, तर कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्याकडचा प्रत्येक मजूर ‘हो’ म्हणेल आणि खरेच सांगेल. मग काय म्हणावे? मला सुचते ते “साध्या साध्या गोष्टीही जिवावर आल्या का?” हे. ‘जिवावर येणे’ यात शरीराचे श्रम नाहीत, मनाची अनिच्छा आहे. पण हा वाक्प्रचार उलट-भाषांतरात नापास होण्याचीच शक्यता जास्त.

दुसरी अडचण मराठीच्या ‘हो’ आणि ‘नाही’ची. एसआरक्यूमधले प्रश्न होकारार्थी आहेत, पण त्यातल्या तक्रारी आपण मराठीत सहज नकारात बोलतो : “झोप नीट लागत नाही का?” समजा, समोरच्याने “नाही” असे उत्तर दिले. त्याचा अर्थ ‘नाही, तशी तक्रार नाही’ असा, की ‘नाही लागत’ असा? बोलताना मान, सूर आणि पुढचे वाक्य यांवरून आपण अर्थ लावतो. कागदावर मात्र ‘नाही’ला शून्य गुण असतात. असा प्रश्न “झोपमोड होते का?” किंवा “झोपेची तक्रार आहे का?” असा होकारार्थी वळवला, तर घोटाळा टळतो. इतका लहान बदल एखाद्याचा गुण शून्यावरून एकावर नेतो.

दुसरी कसोटी : ऐकणारा काय समजला?

यासाठी एक साधी पद्धत आहे. प्रश्न विचारायचा, उत्तर घ्यायचे आणि मग म्हणायचे, “हा प्रश्न तुमच्या शब्दांत सांगा. हे उत्तर देताना तुमच्या मनात काय आले?” याला बोधात्मक मुलाखत म्हणतात. थोड्या लोकांबरोबर केली तरी ती पुष्कळ काही दाखवते.

मी हौसेने, शास्त्रीय अभ्यासाचा कोणताही दावा न करता, शेजारपाजारी असे करून पाहिले. के-१०ची उत्तरे पाच पायऱ्यांची असतात. ती मराठीत ‘कधीच नाही, थोडा वेळ, काही वेळ, बराच वेळ, सतत’ अशी चिठ्ठ्यांवर लिहिली आणि चढत्या क्रमाने लावायला सांगितली. दोन्ही टोके सर्वांनी बरोबर लावली. ‘थोडा वेळ’ आणि ‘काही वेळ’ यांपाशी मात्र जो तो अडला. कोणी याला वर ठेवले, कोणी त्याला. इंग्रजीत या दोन पायऱ्यांत फरक असेल. आमच्या ओट्यावर तो उरला नाही. पाच पायऱ्यांची शिडी प्रत्यक्षात चार पायऱ्यांची झाली आणि गुण मात्र पाच पायऱ्यांचेच मोजले जाणार. त्याऐवजी पाच वाट्यांत कमी-जास्त ज्वारी ठेवून “यातली कोणती?” असे विचारले, तेव्हा लिहिता-वाचता न येणाऱ्या आजीनेही न अडखळता बोट ठेवले.

काळाचेही तसेच. ‘गेले दोन आठवडे’ हे पंचांग पाहणाऱ्याला किंवा पगार घेणाऱ्याला सोपे. इतरांना “मागच्या दोन बाजारांपासून” म्हटले की लगेच कळते. पीएचक्यूमध्ये एकाग्रतेविषयी विचारताना वर्तमानपत्र वाचण्याचे उदाहरण दिले आहे. जो वाचतच नाही, त्याला “वाचताना लक्ष लागतं का?” असे विचारून आपण त्याचे मन मोजत नाही, त्याची शाळा मोजतो.

तिसरी अडचण मोठ्या आईच्या बाबतीत मला कळली. गोल्डबर्ग यांच्या प्रश्नावलीची उत्तरे ‘नेहमीपेक्षा’ या शब्दावर बेतलेली आहेत : नेहमीपेक्षा बरे, नेहमीसारखे, नेहमीपेक्षा कमी. अलीकडे काही बिघडले असेल तर हे चांगले चालते. पण मोठे बाबा गेल्याला चार वर्षे झाली होती. तिला विचारले असते, तर ती म्हणाली असती, “नेहमीसारखंच आहे.” जुन्या दुःखाचे ‘नेहमीचे’ होऊन जाते आणि प्रश्नावली त्याला निरोगी समजते. हा दोष अभ्यासकांना ठाऊक आहे आणि गुण देण्याच्या पर्यायी रीतीही त्यांनी सुचवल्या आहेत.

तिसरी कसोटी : आकड्यांची

भाषा सुधारली की मग सांख्यिकी येते. प्रश्नावलीतले प्रश्न एकमेकांशी जुळतात का, हे पाहण्यासाठी ली क्रॉनबॅक यांनी १९५१ साली मांडलेला ‘अल्फा’ हा गुणांक वापरतात. तो मोठा आला की अहवालात समाधानाने लिहिला जातो. पण एकच प्रश्न पाच वेगळ्या शब्दांत विचारला तरी अल्फा वाढतो. त्यामुळे जुळणी सिद्ध होते, सप्रमाणता होत नाही.

अधिक महत्त्वाची कसोटी म्हणजे प्रशिक्षित मुलाखतकाराच्या निष्कर्षाशी तुलना. ज्यांना खरोखर त्रास आहे त्यांतले किती प्रश्नावलीने ओळखले, ही तिची संवेदनशीलता. ज्यांना त्रास नाही त्यांतले किती तिने बरोबर सोडून दिले, ही तिची विशिष्टता. गुणांची सीमा खाली ओढली तर संवेदनशीलता वाढते आणि विशिष्टता घटते. वर नेली तर उलट होते.

आता सर्वसाधारण लोकसंख्येचा मुद्दा. केवळ समजण्यासाठी एक हिशेब मांडतो. संवेदनशीलता आणि विशिष्टता दोन्ही शेकडा ८० आहेत असे धरू. दवाखान्यात आलेल्या १००० जणांपैकी ४०० जणांना मनोव्यथा असेल, तर प्रश्नावली त्यांतले ३२० ओळखेल आणि उरलेल्या ६०० पैकी १२० जणांवर चुकून बोट ठेवेल. म्हणजे तिने निवडलेल्या ४४० पैकी ३२० खरे, शेकडा सुमारे ७३. तीच प्रश्नावली गावात घरोघर नेली आणि तिथे १००० पैकी १०० जणांनाच त्रास असेल, तर ती ८० खरे ओळखेल आणि ९०० पैकी १८० चुकून निवडेल. निवडलेल्या २६० पैकी ८० खरे, शेकडा ३१ च्या आसपास. प्रश्नावली बदलली नाही, एक शब्दही बदलला नाही. तिचा अर्थ मात्र पार बदलला. म्हणून दवाखान्यात सप्रमाण ठरलेली प्रश्नावली गावातही सप्रमाण आहे असे गृहीत धरता येत नाही. प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक भाषेत, ती पुन्हा तपासावी लागते.

गोवा, विदर्भ, पुणे

असे तपासणे आपल्या जवळपास झाले आहे. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्यसेवेत आलेल्या सुमारे सहाशे रुग्णांवर वर सांगितलेल्या पाचही प्रश्नावल्या पडताळून पाहिल्या. तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. पाचही प्रश्नावल्यांनी काम बऱ्यापैकी केले. त्यांत बारा प्रश्नांची गोल्डबर्ग यांची आणि वीस प्रश्नांची एसआरक्यू या दोन उजव्या ठरल्या. पण निवडलेल्यांपैकी खरे किती, हे प्रमाण कमीच राहिले. ते वाढवण्यासाठी सीमा फार वर नेली की त्रास असलेलेच निसटू लागले. आमचा वरचा हिशेब तिथे प्रत्यक्षात उतरलेला दिसतो.

विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ हा उपक्रम झाला. राहुल शिधये, पटेल आणि सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१७ साली मांडले. कार्यक्रमाच्या इंग्रजी नावातच ‘स्ट्रेस’ म्हणजे ताण हा शब्द आहे, ‘डिप्रेशन’ नाही. नैराश्य असलेल्यांपैकी ज्यांनी उपचार मागितले त्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत शेकडा ४.३ वरून २७.२ वर गेले. ही आनंदाची गोष्ट आहे. पण ‘नैराश्य असलेले’ कोण, हे पीएचक्यू-९ ने ठरवले होते. एवढ्या मोठ्या कामाचा पाया शेवटी नऊ मराठी वाक्यांवर उभा होता. ती वाक्ये डळमळीत असती, तर दोन्ही आकडे डळमळले असते.

पुण्यात वासुदेव परळीकर आणि सहकाऱ्यांनी वेगळ्या बाजूने पाहिले. मनोविकार, सामान्य औषधोपचार, त्वचारोग आणि आयुर्वेद अशा चार बाह्यरुग्ण विभागांत ‘अशक्तपणा’ आणि थकवा सांगणाऱ्या लोकांना त्यांनी त्यांच्या आजाराचा त्यांनाच कळणारा अर्थ विचारला. आधी परक्या यादीतला शब्द घेऊन माणसाकडे जायचे नाही, माणसाचा शब्द घेऊन यादीकडे यायचे, अशी ही दिशा. झिंबाब्वेमध्येही असेच झाले. तिथल्या शोना भाषेत ‘कुफुंगिसिसा’ म्हणजे फार विचार करणे. लोक आपला त्रास याच शब्दात सांगत. अशा शब्दांवरून तिथे चौदा प्रश्नांची शोना प्रश्नावली तयार करण्यात आली.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्ये होती. त्यांत महाराष्ट्र नव्हता आणि तेलंगणही नव्हते. सीमेवरच्या मराठीचा प्रश्न तर आणखी पुढचा. आमच्या बोथमध्ये मराठी, तेलुगू, गोंडी, लमाणी आणि उर्दू एकाच बाजारात नांदतात. आमची मराठी पुस्तकातली नाही, वऱ्हाडीच्या जवळची आहे. पुण्यात तपासलेली मराठी प्रश्नावली इथे जशीच्या तशी चालेल का, हे तपासल्यावाचून कोणी सांगू नये.

भाषेच्या माणसाचे काम

इथे लेखक, शिक्षक आणि विद्यार्थी काही करू शकतात. मराठीत मनाच्या दुखण्याला शब्द कमी नाहीत. करमत नाही, जीव लागत नाही, मन उडाले, जीव घाबरा होतो, जिवाला घोर लागला, धसका घेतला, हाय खाल्ली, छाती भरून येते, बेजार झालो. यांतला प्रत्येक शब्द वेगळे दुखणे सांगतो. ‘धसका’ भीतीतून येतो, ‘हाय’ एखाद्या आघातातून. ‘करमणे’ हे क्रियापद तर माणूस आणि त्याचे ठिकाण यांचे नाते सांगते. ते तुटले की ‘करमत नाही’. दुसरीकडे ‘टेन्शन’ हा शब्द आता सर्वांच्या तोंडी आहे, पण आमच्याकडे तो बहुधा कर्जाच्या हप्त्यासाठी वापरतात. तो प्रश्नावलीत घातला तर ‘हो’ पुष्कळ मिळतील, माहिती थोडी मिळेल.

हे शब्द कोण, कोणत्या प्रसंगी, कोणापाशी वापरतो याची नोंद बोलीनिहाय झाली, तर ती नुसती शब्दसंपदा राहणार नाही. वऱ्हाडीत कोणता शब्द घरच्यांदेखत उच्चारता येतो आणि कोणता फक्त बहिणीपाशी, हे महाविद्यालयातला विद्यार्थीसुद्धा आपल्या आजीकडून लिहून आणू शकतो. प्रश्न किती विचारायचे, सीमा कुठे ठेवायची हे तज्ज्ञांनी ठरवावे. प्रश्न कोणत्या शब्दात विचारायचा, हे ठरवताना मात्र त्यांच्या शेजारी भाषेचा माणूस बसलेला असावा. एक काळजी त्यानेही घ्यावी : जीव नकोसा होण्याविषयीचा प्रश्न असेल, तर तो गोड शब्दांत गुंडाळू नये, तो स्पष्ट विचारावा. ‘हो’ उत्तर आले तर पुढे काय करायचे हेही आधीच ठरलेले असावे. ‘टेली-मानस’ ही शासनाची १४४१६ या क्रमांकाची दूरध्वनी सेवा २०२२ पासून रात्रंदिवस चालू आहे. तो क्रमांक तरी हाताशी हवा.

या पावसाळ्यात आशाताई पुन्हा आल्या. तक्ता तोच होता. त्यांनी दोन्ही प्रश्न कागदात होते तसे विचारले, गुण लिहिले, आणि मग कागद मिटून स्वतःहून विचारले, “मावशी, करमतं का आता?”

मोठी आई म्हणाली, “करमतं. तू येतीस तर जास्त करमतं.”

या उत्तरालाही तक्त्यात जागा नव्हती. पण या वेळी ते आम्ही दोघांनीही ऐकले.